दोनशे चौदा पीडीएफ आणि आप्पांचा केना

पीएचडीच्या पहिल्याच महिन्यात मी सर्चमध्ये सीएमव्ही टाइप केलं आणि किडनी बदललेल्या पेशंटचे पेपर समोर आले. एक ना दोन, ढीगच्या ढीग. म्हटलं हे काय आता, आपण तर केळीच्या व्हायरसवर काम करतोय, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात जुनी माणसं ज्याला हरण्या म्हणतात तो, आणि हे किडनीवाले मध्येच कुठून आले. मग कळलं की डॉक्टर लोकांचाही एक सीएमव्ही आहे, सायटोमेगॅलोव्हायरस, माणसाला होणारा, आणि त्यांच्या पेपरपुढे आमच्या केळीचे पेपर म्हणजे दर्यात खसखस. बरं म्हटलं सोबत केळीचा शब्द जोडू. इंग्रजीत केळीच्या एका प्रकाराला प्लँटेन म्हणतात, तो जोडला तर भलतंच तण निघालं, प्लँटॅगो नावाचं, इसबगोल ज्या कुळातला तेच, त्यालाही तिकडे प्लँटेनच म्हणतात. केळीचा पनामा रोग शोधायला गेले तर पनामा देश आला, त्या रोगाच्या बुरशीचा टीआर फोर हा प्रकार शोधायला गेले तर पेशीतला कुठलातरी रिसेप्टर. तीन तास गेले, लाइट गेली, आणि मी घरी येऊन आईला म्हटलं की मला हे जमणार नाही.

तर हे लिहिण्याचं कारण असं की हल्ली दोन-तीन ज्युनियर पोरी विचारतात, ताई तुमचं रिव्ह्यूचं चॅप्टर कसं झालं, आमचं अडकलंय. म्हणजे थिसिसमधलं आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारं चॅप्टर. माझंही दीड वर्ष अडकलेलंच होतं. सकाळी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, दोन लेक्चर घ्यायची, दुपारी विद्यापीठात नाहीतर लायब्ररीत, रात्री सावद्याजवळच्या आमच्या घरी पंख्याखाली पीडीएफ उघडून झोपून जायचं. पेपर वाचायचा प्रॉब्लेम नव्हता. वाचलेला पेपर ठेवायचा कुठं हा प्रॉब्लेम होता.

पहिल्यांदा मी जे सगळे करतात तेच केलं. पिकाप्रमाणे फोल्डर. केळी, आणि केळीत आत व्हायरस, बुरशी, जिवाणू, कीड. व्हायरसमध्ये परत हरण्याचा एक, बंची टॉपचा एक, स्ट्रीकचा एक. करपा वेगळा. काकडी, मिरची, पपई, बटाटा हे सगळं एका फोल्डरमध्ये, त्याचं नाव "इतर पिकं", आणि ते मी उघडतच नव्हते कारण आपलं पीक केळी ना. दिसायला एकदम छान, आईच्या मसाल्याच्या डब्यासारखं, जिथल्या तिथं. त्यावरून बत्तीस पानांचं चॅप्टर लिहिलं आणि माझ्या गाइड मॅडमना दिलं.

मॅडमनी आठ दिवसांनी परत दिलं. लाल पेन फारसा नव्हताच, त्यामुळे मी खूश झाले होते. शेवटच्या पानावर एकच ओळ होती: हे सगळे भांडताहेत कशावरून?

मी म्हटलं मॅडम कोणी भांडत नाहीये, सगळे आपापलं सांगताहेत. तर म्हणाल्या, तेच तर. तू लिहिलंयस अमक्याने असं म्हटलं, तमक्याने तसं म्हटलं, पुढच्याने आणखी काही म्हटलं. हे लग्नात आहेर वाचून दाखवतात तसं झालंय. कोण कोणाला उत्तर देतंय ते दिसत नाही.

मला राग आला खरं सांगायचं तर. पण घरी येताना फैजपूरच्या स्टँडवर गाडीची वाट बघत उभी होते तेव्हा डोक्यात तेच चाललेलं, आणि वाटलं की बाई म्हणतेय ते खरंय.

मग मी हुशारी करायला गेले. आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर डिपार्टमेंटला एक पोरगा होता, त्याला म्हटलं हे दोनशे चौदा पेपर मशीनलाच लावायला दे ना. त्याने टॉपिक मॉडेलिंग म्हणून जे असतं ते केलं, एलडीए नावाची पद्धत, २००३ साली ब्लाय, अँग आणि जॉर्डन या तिघांनी मांडलेली. आयडिया साधी आहे, कोणते शब्द एकमेकांसोबत वारंवार येतात ते बघायचं आणि त्यावरून विषय काढायचे. वाक्य वगैरे काही समजत नाही त्याला, शब्दांची नुसती पोतडी. त्यातही "केळी" हा शब्द आमच्या ढिगात जवळपास सगळीकडेच असल्यामुळे त्याची किंमत शून्य, जो शब्द सगळ्याच कागदात येतो तो कागद वेगळे करायला कामाचा नाही हे कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्येच दाखवून ठेवलंय, आजही सर्च इंजिनच्या पोटात ते गणित आहे.

निकाल आला बारा गठ्ठे. आम्ही दोघं चहा घेऊन बसलो बघायला. पहिल्या गठ्ठ्याचे शब्द: प्रायमर, कोट प्रोटीन, सिक्वेन्स, आयसोलेट. दुसऱ्याचे: एलायझा, अँटिसीरम, शोषण. तिसऱ्याचे: प्लॉट, सर्व्हे, टक्केवारी, तालुका. म्हणजे काय झालं बघा, मशीनने पेपर वाटले ते कोण कसं काम करतो त्यावरून. पीसीआरवाले, म्हणजे लॅबमध्ये जनुकं तपासणारे, पीसीआरवाल्यांत, शेतात फिरणारे शेतात फिरणाऱ्यांत. जेवायला बसताना जशी कोण कुठल्या गावचं त्याप्रमाणे पंगत बसते ना, तशी. एका प्रश्नावर एकाने लॅबमध्ये बसून हो म्हटलंय आणि दुसऱ्याने शेतात जाऊन नाही म्हटलंय, तर ते दोघं समोरासमोर यायला पाहिजेत, आणि मशीनने त्यांना दोन टोकांना बसवलं. शब्दच वेगळे ना त्यांचे.

पोरगा म्हणाला ताई नवीन पद्धती आहेत, अर्थ समजणाऱ्या, आपण अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरच्या सुरुवातीचा सारांश, टाकू. तेही केलं. तिथं वेगळीच गंमत. अ‍ॅबस्ट्रॅक्टचं पहिलं वाक्य सगळ्यांचं सारखंच. केळी हे जगातलं एक महत्त्वाचं फळपीक आहे आणि व्हायरसमुळे मोठं नुकसान होतं. जगात कुठंही जा, हे वाक्य म्हणजे पत्रिकेतलं श्री गजानन प्रसन्न. त्यामुळे अर्थ समजणाऱ्या मशीनला सगळे पेपर एकाच घरचे वाटले. तेव्हा मला एक गोष्ट कळली जी आता मी सगळ्या ज्युनियरना सांगते: पेपरचा खरा प्रश्न अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये फार कमी वेळा सापडतो, तो प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदात असतो, "मात्र", "तथापि" असल्या शब्दानंतर, आणि नाहीतर मग चर्चेच्या पहिल्या दोन ओळींत. तिथं माणूस खरं बोलतो.

संदर्भांवरूनही करून बघितलं. याच्यामागे जुनी परंपरा आहे हे मला तेव्हा कळलं. दोन पेपर एकाच जुन्या पेपरांचा आधार घेत असतील तर ते जवळचे, हे केसलर यांनी १९६३ मध्ये मांडलं. आणि दोन जुन्या पेपरांना नंतरचे लोक एकत्र उल्लेखत असतील तर ते जवळचे, हे हेन्री स्मॉल यांनी १९७३ मध्ये, आणि त्याच वर्षी तिकडे रशियात मार्शाकोवा यांनी स्वतंत्रपणे. पहिली पद्धत म्हणजे दोघांचे मामे एकच असणं आणि दुसरी म्हणजे दोघांना एकाच लग्नाची पत्रिका येणं, असं मी वहीत लिहून ठेवलंय. दुसऱ्या पद्धतीत ताजा पेपर मार खातो, कारण त्याला अजून कोणी बोलावलेलंच नसतं. पण आमची खरी अडचण अशी की केळीवाले केळीवाल्यांचाच आधार घेतात. बटाटेवाल्यांचं ते वाचतच नाहीत. मग संदर्भावरून गठ्ठे केले की परत पिकाचेच फोल्डर तयार, फक्त जास्त मेहनत करून.

इथपर्यंत दीड वर्ष.

आता आमच्या घरच्या आप्पांचं सांगते. आमची साडेसात एकर केळी आहे, बहुतेक मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली, थोडी कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतरची. त्या वर्षी जून-जुलैत टिश्यू कल्चरची रोपं लावली, पावसाची झड लागली, आभाळ आठ-आठ दिवस उघडलं नाही, आणि दीड-दोन महिन्यांच्या रोपांवर पिवळे पट्टे दिसायला लागले. शिरांच्या कडेने, पान हातात धरून उजेडाकडे केलं तर चट्ट्यापट्ट्याचं लुगडं दिसतं तसं. पुढचं पान बारीक आलं, कडा वाकड्या, आणि एक-दोन झाडांचा पोंगा, म्हणजे मधला कोवळा कोंब, सडला. मी ओळखलंच. आप्पांनी दुकानातून माव्याचं, म्हणजे पानातला रस शोषणाऱ्या बारीक किडीचं, औषध आणलं, फवारलं, मावा मेला, मेलेला मी डोळ्यांनी बघितला, आणि तरी दहा दिवसांनी आणखी झाडं पिवळी. परत फवारलं, तेच. रात्री ओट्यावर बसल्यावर आप्पा म्हणाले, "काय करून राह्यली तू दोन वर्षं तिथं? मावा मरतो अन् रोग मरत नही, असं कायले? तुह्या त्या कागदात लिहेल नही का कुठं?"

मी म्हटलं बघते. आणि फोल्डर उघडला. हरण्याचा फोल्डर, चाळीसेक पेपर. कुठून आला, कोणत्या प्रकारचा, किती टक्के, जनुकाचा क्रम काय, सगळं होतं. मावा मेल्यावरही रोग का पसरतो याचं सरळ उत्तर एकातही नीट नव्हतं, एखाददुसरी ओळ कुठंतरी. मग "मावा" शब्दावर सर्च मारला, तर बंची टॉपचे पेपर वर आले. त्यात केळीचा स्वतःचा मावा, पेंटालोनिया, त्याच्यावर भरपूर काम. वाचत गेले तर तिथं सगळं उलटंच. तो मावा केळीवर येऊन बसतो, तासन्‌तास रस पितो, व्हायरस त्याच्या पोटात जातो, तिथून लाळेत येतो, आणि मग तो बराच काळ रोग पसरवत राहतो. तिथं मावा मारला तर उपयोग आहे, कारण तुमच्या हातात वेळ आहे.

हरण्याचं तसं नाही. आणि याचं उत्तर मला सापडलं ते "इतर पिकं" मध्ये, जो मी उघडत नव्हते त्यात. बटाट्याच्या पेपरात. बटाट्याला एक पीव्हीवाय नावाचा व्हायरस येतो, त्यावर युरोप-अमेरिकेत लोकांनी आयुष्यं घालवलीत कारण त्यांचा बियाण्याच्या बटाट्याचा धंदा त्याच्यावर आहे. तो व्हायरस माव्याच्या पोटात जातच नाही. सोंडेच्या टोकाला चिकटतो. मावा पानावर उतरला की आधी सोंड टोचून चव बघतो, काही सेकंदांचं काम, आवडलं नाही तर उठला आणि दुसऱ्या झाडावर. त्या काही सेकंदांत व्हायरस घेतलाही आणि पुढच्या झाडाला दिलाही. औषधाने तो मरेल, पण मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. आणि आमचा हरण्या अगदी असाच पसरतो. तोही केळीच्या स्वतःच्या माव्यामुळे नाही, तर मुख्यतः कापूस-काकडी-मिरचीवरून उडून येणाऱ्या, केळीवर राहायची इच्छा नसलेल्या माव्यांमुळे.

आप्पांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "म्हणजे बजारातला चाखणारा गिऱ्हाईक. घेत काही नही, चाखतो सगळीकडचं." मी हे वाक्य थिसिसमध्ये टाकू शकत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

पण खरा धक्का पुढे आहे. बटाट्याच्या त्या पेपरांचे संदर्भ धरत मागे मागे गेले तर सगळे १९३९ च्या एका पेपरापाशी येऊन थांबत होते. वॉटसन आणि रॉबर्ट्स यांचा, इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या कामाशी जोडलेला. माव्याने पसरणाऱ्या व्हायरसचे माव्यात बराच काळ टिकून राहणारे आणि न टिकणारे असे दोन प्रकार या पेपराने पाडले. आणि त्यांनी कोणते व्हायरस शेजारी शेजारी ठेवून बघितले होते? तीन होते. त्यातला एक बटाट्याचा वाय, म्हणजेच पीव्हीवाय, आणि एक "कुकुंबर व्हायरस वन". हा कुकुंबर व्हायरस वन म्हणजेच आमचा सीएमव्ही, तेव्हाचं नाव! म्हणजे बटाटा आणि हरण्या १९३९ सालीच एका टेबलावर बसले होते. त्यांना वेगळं केलं ते नंतरच्या लोकांनी, पिकाचे फोल्डर करून. आणि मीही तेच केलं, आणि सीएमव्ही टाइप करून हा पेपर मला जन्मात सापडला नसता कारण त्यात सीएमव्ही हे नावच नाही.

नावांचं तर काय सांगावं. करप्याच्या बुरशीला आधी मायकोस्फेरेला म्हणायचे आता स्यूडोसर्कोस्पोरा म्हणतात. टीआर फोरवाल्या फ्युजेरियमचं नाव २०१९ मध्ये काही जणांनी वेगळंच सुचवलं, काही जण ते मानतात काही मानत नाहीत. यावर उपाय म्हणून लोकांनी ठरावीक शब्दांच्या याद्या केल्यात, मेडिकलवाल्यांची मेश १९६० पासून आहे, शेतीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या एफएओची अ‍ॅग्रोव्हॉक आहे, त्या वापरा, माझ्यासारखं तीन तास वाया घालवू नका. पण यादीने नावाचा घोळ मिटतो, प्रश्नाचा मिटत नाही. "मावा" हे लेबल बरोबर लावलं तरी बंची टॉप आणि हरण्या एकाच गठ्ठ्यात येणार, जे एकमेकांच्या अगदी उलट आहेत, आणि बटाट्याचा पीव्हीवाय बाहेर राहणार, जो सख्खा भाऊ आहे.

मग मी एका रविवारी एक्सेल उघडलं आणि सगळे फोल्डर मोडले. फाइलींना नुसते नंबर दिले, एक ते दोनशे चौदा. आणि रकाने केले. पीक, रोग, पद्धत, ठिकाण, साल, आणि शेवटचा रकाना "प्रश्न". हे काही माझं डोकं नाही. लायब्ररी सायन्सच्या आमच्या सरांनी एकदा रंगनाथन यांच्याबद्दल सांगितलं होतं. रंगनाथन मुळात गणिताचे मास्तर, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, त्यासाठी लंडनला शिकायला गेले, आणि तिथं म्हणे एका दुकानात मेकॅनोचा खेळ बघितला, तेच तेच पट्ट्या-नट-बोल्ट जोडून पाहिजे ते खेळणं तयार. ड्युईच्या १८७६ च्या पुस्तकं लावायच्या पद्धतीत प्रत्येक विषयाला आधीच ठरवलेला एकच खण असतो. रंगनाथन म्हणाले खण कशाला, पट्ट्या ठेवा, पाहिजे तसा विषय जोडा. मूळ वस्तू, पदार्थ, क्रिया, स्थळ, काळ अशा पाच बाजू. १९३३ मध्ये त्यांचं कोलन वर्गीकरण आलं. माझा पेपर "केळीचा" की "माव्याचा" की "पीसीआरचा" की "तामिळनाडूचा" हे भांडणच नको, सगळ्या पट्ट्या लावून ठेव आणि ज्या बाजूने बघायचं त्या बाजूने बघ. मी फक्त एक पट्टी वाढवली, प्रश्नाची.

प्रश्न लिहायचा कसा याला फार वेळ गेला. सुरुवातीला मी लिहीत होते "सीएमव्हीचा प्रसार". हा प्रश्न नाही, हे हेडिंग आहे. याला कोणी हो किंवा नाही म्हणू शकत नाही. मग नियम केला की वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह पाहिजे आणि निदान दोन पेपर त्यावर एकमेकांना नाही म्हणू शकले पाहिजेत. "माव्यात न टिकणाऱ्या व्हायरसचा प्रसार कीटकनाशकाने थांबतो का?" हा प्रश्न. "रोग मुख्यतः रोपांतून येतो की बाहेरून माव्याने?" हा प्रश्न, आणि यावर तर आमच्याकडे चहाच्या टपरीपासून मंत्रालयापर्यंत भांडण आहे, रोपवाले म्हणतात तुमच्या बांधावरून आला, शेतकरी म्हणतात तुमच्या रोपातून आला. "आंतरपिकाने धोका वाढतो का?" हा पण. आणि एका पेपरला एकच प्रश्न असला पाहिजे असं काही नाही, दोन-तीन लिहा, एकच पेपर तीन भांडणांत असू शकतो, आमच्या गल्लीत तर माणसं पाच-पाच भांडणांत असतात.

दोनशे चौदा पेपरांचे मिळून शेवटी सव्वीस प्रश्न झाले. त्यात एकोणीस पेपर असे निघाले की त्यांचा काही प्रश्नच नव्हता. अमुक जिल्ह्यात तमुक रोग आढळला, बस. वाईट नाहीत, नोंद लागतेच, पण चॅप्टरमध्ये त्यांना एका वाक्यात बसवलं, आधी त्यांनी सहा पानं खाल्ली होती.

आणि मग फिल्टर लावला. "कीटकनाशकाने प्रसार थांबतो का" यावर क्लिक केलं तर एका रांगेत बटाटा, मिरची, काकडी, केळी, आणि आपल्या शहादा-नंदुरबारकडची पपई. पपईच्या रिंगस्पॉट रोगाचंही तेच, सोंडेच्या टोकावरचा व्हायरस, चाखणारा मावा. म्हणजे शहाद्याचा पपईवाला आणि सावद्याचा केळीवाला एकाच गोष्टीने रडताहेत आणि दोघांचे पेपर वेगवेगळ्या कपाटात.

त्या रांगेत बटाट्याचा १९६२ चा एक पेपर होता, ब्रॅडली आणि सहकाऱ्यांचा. पानावर तेलाचा पातळ थर असेल तर माव्याकडून पीव्हीवाय पसरायला अडथळा येतो. बियाण्याच्या बटाट्यावर मिनरल ऑइल आजही फवारतात. हे वाचलं आणि मी उठून बसले, कारण मिनरल ऑइल हा शब्द मी कुठंतरी वाचला होता. कुठं? करप्याच्या फोल्डरमध्ये! केळीच्या करप्यावर बुरशीनाशकासोबत मिनरल ऑइल फवारतात, जगभर फवारतात, आपल्याकडेही शिफारस आहे, आमच्याच शेडमध्ये त्याचा कॅन पडलाय. म्हणजे तेल व्हायरसला अडवतं का हे बटाट्याच्या कपाटात, तेल केळीच्या पानाला सोसतं का हे करप्याच्या कपाटात, आणि हरण्या तिसऱ्या कपाटात. तिघांची एकमेकांशी ओळख नाही.

असं आधीही झालंय. शिकागोचे डॉन स्वॉन्सन, डॉक्टर नव्हते, ग्रंथालयशास्त्राचे प्रोफेसर. १९८६ मध्ये त्यांनी नुसते पेपर वाचून दाखवलं की एका ढिगात लिहिलंय रेनॉड आजारात, म्हणजे थंडीत बोटं पांढरी पडतात त्यात, रक्त घट्ट होतं, प्लेटलेट चिकटतात, रक्तवाहिन्या आकसतात. दुसऱ्या ढिगात लिहिलंय माशाच्या तेलाने रक्त पातळ राहतं, प्लेटलेट कमी चिकटतात. दोन्ही ढीग एकमेकांचं नावही घेत नव्हते. त्यांनी मधला दुवा दाखवला, पुढे पेशंटवर प्रयोग झाला आणि त्यात काही जणांना फायदाही दिसला. मग १९८८ मध्ये मॅग्नेशियम आणि अर्धशिशी, तिथं अकरा दुवे काढले. मी काही स्वॉन्सन नाही, पण तेही तेल आणि हेही तेल, त्यामुळे त्या रात्री मला झोप आली नाही एवढं खरं.

कोणी हे वाचून उद्या बागेत तेल मारायला जाऊ नका हं. मी आप्पांना उत्साहात सांगायला गेले तर त्यांनी एका वाक्यात पंक्चर केलं, "अवं बाई, केळीले आठवड्याले नवं पान येतं. त्याच्यावर तेल कोण लावीन?" आणि हे अगदी बटाटेवाल्यांच्या पेपरात आहे, नवी पालवी उघडी राहते म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा फवारावं लागतं. शिवाय आपल्याकडचं ऊन. त्यामुळे प्रश्नांच्या यादीत सत्ताविसावा वाढला आणि तो आता माझ्या तिसऱ्या चॅप्टरचा विषय आहे, शेडनेटमध्ये कुंड्या लावून झाल्यात.

मॅडमना नवीन चॅप्टर दिलं, एकवीस पानांचं. त्या पहिल्यांदा शेवटचं पान न बघता पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. मध्येच हसल्या. एका हेडिंगवर बोट ठेवून म्हणाल्या, हे काय?

ते आप्पांचं होतं. झालं असं की शिफारशी सगळ्या म्हणतात रोगट झाड दिसल्याबरोबर उपटून नष्ट करा, काकडीवर्गीय आंतरपीक घेऊ नका, बांधावरचं तण काढा, कारण हरण्याचा व्हायरस बाराशेच्या वर जातींच्या झाडांवर राहतो आणि त्यात आपलं केना हे तणही आहे. आम्ही झाडं उपटली, केना काढला. शेजारच्याचा बांध मात्र हिरवागार, त्यांचा मुलगा पुण्याला, शेत बटाईने दिलेलं, बटाईवाला म्हणतो केना काढायची मजुरी मी कशाला भरू. आप्पा म्हणाले तुह्या कागदायले इचार, "बांधावरचा केना काढायचा कोणी?" मी चेष्टेत तसंच टाइप केलं, रांग नंबर तेवीस. म्हटलं याखाली काय येणार. तर येत गेले. ऑस्ट्रेलियात १९२० च्या दशकात बंची टॉपने केळी संपत आली होती, तिथं नुसत्या सल्ल्याने नाही तर कायदा करून, तपासनीस फिरवून, प्रत्येकाच्या बागेतली रोगट झाडं काढायला लावून धंदा वाचवला. घानामध्ये कोकोच्या झाडांना व्हायरस आला, १९४० च्या दशकात सरकारने सक्तीने झाडं तोडायला घेतली तर शेतकरी उठले, कारण तोडायची झाडं त्यांची होती आणि अजून फळं देत होती. पीक वेगळं, देश वेगळा, व्हायरस वेगळा, पण प्रश्न आप्पांचाच. रोग शेताच्या हद्दी मानत नाही आणि खर्च मात्र हद्दीप्रमाणे वाटला जातो. एकूण अकरा पेपर झाले त्या रांगेत, माझ्या मूळ दोनशे चौदामध्ये यातले फक्त दोन होते.

मॅडम म्हणाल्या मजकूर छान आहे, हेडिंग बदल, क्षेत्रनिहाय रोगव्यवस्थापनातील सामूहिक सहभाग असं काहीतरी कर. मी हो म्हटलंय. फाइलमध्ये अजून केनाच आहे.